रायगडचा पाहुणचार

किल्ले पाहावयास निघालेल्या अभ्यासकाच्या टांचणवहींत तटांची लांबी, बुरुजांची संख्या, टांक्यांची खोली आणि शिलालेखांचीं वाचनें हें सर्व असतें. त्या रात्रीं आपण कोणाच्या ओसरीवर निजलों आणि कोणाच्या चुलीवरची भाकरी खाल्ली, याची नोंद मात्र बहुधा नसते. आमच्याहि वह्या यास अपवाद नाहींत. गेल्या मार्गशीर्षांत दोन स्नेह्यांसह रायगडाच्या बाजूस आठ दिवस राहून आलों आणि घरीं येऊन जुन्या वह्या चाळल्या, तेव्हां ही उणीव प्रथमच डोळ्यांत भरली. ३५ वर्षांपूर्वींच्या एका वहींत महादरवाजाच्या बुरुजांचें माप इंचापर्यंत दिलेलें आहे. परंतु ज्या घरानें आम्हांस तीन दिवस पोसलें, त्या घराविषयीं ‘पायथ्याशीं मुक्काम’ या दोन शब्दांपलीकडे कांहीं नाहीं. प्रस्तुत लेखाचें निमित्त हेंच.

रायगडाविषयीं नवें साधन उजेडांत आणल्याचा आमचा दावा नाहीं. येथें ज्यांचा आधार घेतला आहे तीं सर्व साधनें छापलेलीं असून या पत्राच्या वाचकांच्या परिचयाचीं आहेत. तीं एका विशिष्ट प्रश्नाच्या अनुरोधानें, आणि गडाच्या पायथ्याशीं बसून, पुन्हां वाचलीं एवढेंच. प्रश्न साधा आहे. गडावरचीं माणसें जेवत काय, आणि तें वर आणी कोण?

हल्लीं किल्ल्यांच्या सफरी आंखून देणारे पुष्कळ झाले आहेत. इ. स. २०२५ च्या जुलै महिन्यांत मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत दाखल झाले व त्यांत रायगड आहे. तेव्हां ही वर्दळ वाढत जाणार हें उघड आहे. पहाटे शहरांतून निघावें, हिरकणीवाडीहून रोपवेनें वर जावें, सिंहासनाची जागा, बाजारपेठ, जगदीश्वर व समाधि पाहून दिवस मावळण्यापूर्वीं खालीं यावें, असा हा क्रम असतो. त्यांत आम्हांस गैर कांहीं वाटत नाहीं, इ. स. १९९६ पासून चालू असलेल्या त्या रोपवेला आमच्या एका गुडघेदुख्या स्नेह्यानें मनापासून दुवा दिला. परंतु आमचें काम अशा एका दिवसांत उरकण्यासारखें नव्हतें. एक तर ऑक्झेंडन नांवाच्या इंग्रज वकिलाची राज्याभिषेकाच्या वेळची हकीकत ज्या क्रमानें लिहिली आहे त्याच क्रमानें, त्या त्या जागीं उभें राहून वाचावयाची होती. दुसरें, एक जुनें देणें फेडावयाचें होतें. त्याविषयीं पुढें येईल. म्हणून मार्ग, मुक्काम आणि दिवस आम्हीच आंखले.

पुण्याहून भोरास आलों आणि तेथून वाकडी वाट करून कारीस जाऊन आलों. तेथें पाहण्याजोगी मोठी इमारत नाहीं, आणि आम्ही कांहीं पाहावयास गेलोंहि नव्हतों. शिवकालीन तिथींचा विचार करतांना ज्या शकावलीवांचून पाऊल पुढें पडत नाहीं ती जेधे शकावली या गांवच्या जेधे देशमुखांच्या घरांतून आली व टिळकांच्या हातून इ. स. १९१६ सालीं छापली गेली. महाराजांच्या जन्मतिथीचा वाद ज्या पानांनीं फिरविला तीं पानें पिढ्यान्‌पिढ्या कोणा दरबारांत नव्हे, तर एका देशमुखी घरांत राहिलीं, आणि मागणाऱ्यावर विश्वास ठेवून त्या घरानें तीं वाचावयास दिलीं. जतन करणें हें एक आणि देणें हें दुसरें. दोन्ही न घडतीं तर आमच्यासारख्यांचा व्यवसायच उरला नसता. गांवाबाहेर अर्धा घटका थांबून मग आम्ही वरंधा घाट उतरलों आणि महाडावरून तिसऱ्या प्रहरीं पाचाडच्या बाजूस पोंचलों.

ज्या घरीं उतरावयाचें तें एका वाडीवर होतें. वाडीचें नांव व घरच्यांचीं नांवें येथें हेतुपुरस्सर देत नाहीं. आगाऊ कळविलेलें नव्हतें. अंगणांत मिरच्या वाळत होत्या. त्या गोळा करणाऱ्या सुनेनें आम्हांस पाहून ‘कोण पाहिजे’ असें न विचारतां ‘पाय धुवा’ म्हटलें. आमची ओळख, येण्याचें कारण, किती दिवस राहणार, यांपैकीं एकहि प्रश्न जेवणापूर्वीं कोणी काढला नाहीं. आम्हीच चुळबूळ करूं लागलों तेव्हां यजमान हंसून म्हणाले, “गुरुजी, आधीं पोटाचं बघा, गड कुठं पळून जात नाही.” नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, जाडा तांबडा भात आणि ताक, असें तें जेवण होतें. ओसरीच्या टोकाला यजमानांच्या वृद्ध आई भिंतीस टेकून बसल्या होत्या. त्या आमच्याकडे मधून मधून निरखून पाहत, पण बोलल्या कांहींच नाहींत. आमच्या पिशवींत एक कागदांचा लखोटा होता. तो त्याच रात्रीं काढावयाचा असा आमचा निश्चय होता; परंतु इतकें पोटभर खाल्ल्यावर तोंड उघडेना. उद्यां गडावरून आल्यावर सांगूं, असें मनाशीं म्हणून आम्ही निजलों.

आतां ऑक्झेंडनाकडे वळूं. मुंबईकर इंग्रजांचा गव्हर्नर जेराल्ड आँजियर यानें हेन्री ऑक्झेंडन यास, जॉर्ज रॉबिन्सन व टॉमस मिचेल हे दोन सोबती देऊन, इ. स. १६७४ च्या मे महिन्यांत रायगडास पाठविलें. राजापूरच्या वखारीच्या नुकसानीची भरपाई आणि व्यापाराच्या सवलती यांविषयीं तह करणें हें त्याचें काम. चौल, अष्टमी, निजामपूर या वाटेनें तो पाचाडास आला. महाराज त्या वेळीं प्रतापगडास भवानीच्या दर्शनास गेले होते, सबब वकिलास पायथ्याशींच मुक्काम करावा लागला. निराजीपंतांची भेट, नजराण्यांचीं बोलणीं हें सर्व पाचाडासच झालें. २२ मे रोजीं वर येण्याची आज्ञा आली. दुपारीं तीनच्या सुमारास निघालेली ही मंडळी सूर्यास्ताच्या वेळीं माथ्यावर पोंचली आणि राजवाड्यापासून सुमारें मैलभर दूर असलेल्या एका घरांत उतरली. हें घर महाराजांनींच नेमून दिलें होतें. ही सर्व हकीकत शिवचरित्र कार्यालयानें इ. स. १९३१ सालीं छापलेल्या इंग्रजी पत्रव्यवहाराच्या संग्रहांत आहे.

येथें तारखांविषयीं एक गोष्ट सांगून ठेवणें अवश्य आहे, कारण ती न ध्यानांत घेतल्यामुळें पुष्कळांचा घोटाळा होतो. त्या काळचे इंग्रज जुनें, म्हणजे ज्यूलियन, पंचांग चालवीत. तें हल्लींच्या पंचांगाच्या दहा दिवस मागें होतें. राज्याभिषेकाची ६ जून ही प्रसिद्ध तारीख जुन्या पंचांगाची आहे. आजच्या रीतीनें ती १६ जून होते. पडताळा पाहणें असेल तर वार पाहावा. हल्लींच्या गणितानें ६ जून १६७४ रोजीं बुधवार पडतो; जुन्या गणितानें शनिवार. जेधे शकावलींत शुक्रवारची तीन घटिका रात्र उरली असतां महाराज सिंहासनावर बसले असें आहे, आणि आपला वार सूर्योदयापर्यंत चालतो; म्हणजे इंग्रजी हिशेबानें ती शनिवारची पहाट झाली. दोन्ही साधनें एकमेकांशीं तंतोतंत जुळतात. हा मुद्दा नवा नाहीं. परंतु त्याचा एक परिणाम पायथ्याशीं बसल्यावर ध्यानांत येतो. ऑक्झेंडन गड चढला तो आजच्या १ जून रोजीं, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत तहाचें काम उरकलें तेव्हां आजच्या पंचांगाचा जवळजवळ २२ जून उजाडला होता. सह्याद्रीच्या या बाजूस मृग नक्षत्र म्हणजे काय हें ज्यास ठाऊक आहे, त्यास त्या तीन आठवड्यांत गडावर हजारों माणसांचें अन्न, सर्पण व वैरण चढविणें कसलें काम असेल याची कल्पना करतां येईल. यजमानांस आम्हीं ही गोष्ट सांगितली, तेव्हां राज्याभिषेकाच्या थाटाविषयीं कांहीं न बोलतां ते पहिल्यानें म्हणाले, “मग लाकडं कुठून सुकी आणली असतील?” असा प्रश्न आजवर एकाहि इतिहासकारानें विचारल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

पाहुण्यांच्या जेवणाची गोष्ट डॉक्टर जॉन फ्रायर याच्या पुस्तकांत आहे. हें पुस्तक लंडनास इ. स. १६९८ सालीं छापलें गेलें. फ्रायर स्वतः या वकिलातीबरोबर गडावर गेला नव्हता. त्यानें लिहिलें तें परत आलेल्यांच्या माहितीवरून. त्याच्या सांगण्याचा मतलब असा: गडावर या मंडळींस मिळे ती खिचडी, डाळ आणि तांदूळ एकत्र करून तुपांत शिजविलेली. तेथील लोक तीवर चांगले पुष्ट होत, परंतु मांसाची संवय असलेल्या व्यापाऱ्यांस ती फार दिवस गोड लागेना. ही अडचण महाराजांच्या कानीं घातली गेली. त्यावर तेथल्या मोजक्या मुसलमानांस मांस पुरविणाऱ्या खाटिकास हुकूम झाला कीं पाहुण्यांस लागेल तेवढें बकऱ्याचें मांस द्यावें. रोजचें अर्धें बकरें लागूं लागलें. तेव्हां त्या खाटिकास आपलीं हीं नवीं गिऱ्हाइकें पाहण्याची इच्छा झाली आणि अतिशय म्हातारा असूनहि तो डोंगर चढून त्यांच्या दर्शनास आला. कारण कित्येक वर्षांत विकलें नसेल तेवढें मांस त्यानें त्या थोड्या दिवसांत विकलें होतें!

ही गोष्ट बहुतेक लेखक गंमत म्हणून सांगतात आणि पुढें जातात. आम्हींहि वर्गांत ती तशीच सांगत आलों. मुलें हंसत, आणि घंटा होई. परंतु तींत तीन गोष्टी बारकाईनें पाहण्यासारख्या आहेत. पहिली, पाहुण्यांची आवड-निवड ही राज्याभिषेकाच्या धांदलींतहि स्वतः महाराजांपर्यंत जाऊं शकली आणि तिची व्यवस्था झाली. परधर्मी, परदेशी, ज्यांच्याशीं राजापूरचें जुनें भांडण अजून मिटावयाचें होतें अशा वकिलांस त्यांच्या रुचीचें अन्न मिळावें, यांत जें औदार्य आहे तें सोन्याच्या तुलेहून कमी नाहीं असें आम्हांस वाटतें. दुसरी, खाटिक डोंगर चढून आला. अर्थात् तो राहत होता खालीं. गडावरच्या ताटांत जें पडत होतें तें पायथ्याच्या गांवांतून येत होतें, आणि आणणारा माणूस एरव्हीं वर येतहि नसे. तिसरी गोष्ट अशी कीं, त्या समारंभाच्या साऱ्या वृत्तांतांत दरबारच्या बाहेरचा, पायथ्याचा, ज्याच्या मनांत काय होतें हें आपणांस कळतें असा माणूस हा एकटाच आहे. गागाभट्टांचें नांव आपणांस ठाऊक आहे, निराजीपंतांचें ठाऊक आहे, दुभाषा नारायण शेणवी याचेंहि ठाऊक आहे. खाटिकाचें नाहीं. त्याचें नांव विचारावें असें कोणास सुचलें नाहीं.

फ्रायरच्या एका विधानाचा मात्र स्वीकार करतां येत नाहीं. हिंदु लोक मांस मुळींच खात नाहींत असें तो या प्रसंगानें सांगून जातो. राज्याभिषेकाच्या व्रतस्थ दिवसांत, ब्राह्मणांच्या पंक्तींनीं भरलेल्या गडावर जें दिसलें तें त्यानें साऱ्या देशास लावलें. कोंकणांतल्या कोळ्यांस आणि मावळांतल्या कुणब्यांस त्यानें एकदां विचारावयास हवें होतें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही गड चढलों. पायऱ्यांची संख्या प्रत्येक सांगणारा निराळी सांगतो. आम्हीं मोजण्यास आरंभ केला आणि पहिल्या विश्रांतींतच आंकडा विसरलों. ऑक्झेंडनाच्या आदल्या वर्षीं, इ. स. १६७३ सालीं, टॉमस निकल्स हा दुसरा इंग्रज येथें येऊन गेला होता. खडकांत खोदलेल्या पायऱ्यांचें वर्णन त्यानें केलें आहे आणि अन्नसामुग्री पुरेशी असेल तर थोडीं माणसेंहि हा गड साऱ्या जगाविरुद्ध राखतील असा अभिप्राय दिला आहे. या वाक्यांतलें पूर्वपद लोक विसरतात व उत्तरपद तेवढें सांगतात. ऑक्झेंडनाचेंहि मत असेंच कीं हा डोंगर कोणी आंतून फितूर झाल्यावांचून पडावयाचा नाहीं. पुढें इ. स. १६८९ सालीं तो झुल्फिकारखानाच्या हातीं गेला, आणि १० मे १८१८ रोजीं इंग्रजांच्या तोफांपुढें दुसऱ्यांदां. त्या दुसऱ्या वेळीं लागलेल्या आगींत राजवाडा जळाला.

जगदीश्वराच्या देवालयापाशीं आम्ही दुपार घालविली. तेथला संस्कृत शिलालेख आम्हीं विद्यार्थिदशेंत पाठ केला होता. शार्दूलविक्रीडित वृत्त, आणि शकाचे अंक सहा, नऊ, बाण व भूमि या शब्दांनीं, उलट क्रमानें वाचावयाचे, म्हणजे १५९६. हिरोजीनें छत्रपतींच्या आज्ञेनें हें सर्व निर्माण केलें असें सांगून कवि विहिरी, तलाव, रम्य वनराई, खांब, हत्तींच्या शाळा आणि आकाशास भिडणारीं राजमंदिरें यांची गणना करतो. याच वर्षीं याच जागीं उभा असलेला ऑक्झेंडन काय म्हणतो? गडावर राजाच्या व मंत्र्यांच्या मिळून सुमारें ३०० इमारती आहेत, गडाची लांबी अडीच मैल व रुंदी अर्धा मैल आहे. पण मनास रमविणारें झाड एकहि नाहीं आणि धान्य कसलेंच पिकत नाहीं! दोन समकालीन साक्षी, आणि एकास वन दिसतें तर दुसऱ्यास एक झाडहि नाहीं. आमचे एक स्नेही म्हणाले कीं कवीनें संकेताप्रमाणें वर्णन केलें, इंग्रजानें पाहिलें तें लिहिलें, वाद मिटला. आम्हांस तो इतका सोपा वाटत नाहीं. नव्यानें लावलेलीं झाडें दोन-चार वर्षांत परदेशीयाच्या नजरेस वन म्हणून दिसणार नाहींत, पण ज्यानें लावलीं त्याच्या नजरेस दिसतील. शिवाय शिलालेखांतल्या हत्तींच्या शाळांस तर ऑक्झेंडनाचाच दुजोरा आहे. राज्याभिषेकाच्या दिवशीं वाड्याच्या दाराशीं दोन्ही बाजूंस लहान हत्ती आणि सोनेरी साजाचे घोडे त्यानें पाहिले आणि असल्या वाटेनें हे वर आणले कसे याचें त्यास नवल वाटलें. जो कवि हत्तींविषयीं खरें बोलतो तो झाडांविषयीं अगदींच पोकळ बोलला असेल, असें मानण्याची घाई आम्ही करीत नाहीं.

धान्याविषयीं मात्र ऑक्झेंडन निःसंशय खरें सांगतो. गडावर पिकत कांहीं नव्हतें. अंबारखाने होते, ते भरण्याचें व खर्चाचा हिशेब ठेवण्याचें काम कारखानिसाकडे होतें. हवालदार, सबनीस व सरनोबत यांच्याबरोबर हा अधिकारी प्रत्येक गडावर असे. पण अंबारखान्यांत पडणारी प्रत्येक पायली कोणाच्या तरी डोक्यावरून किंवा बैलाच्या पाठीवरून याच पायऱ्यांनीं चढलेली असणार. हिरकणीची कथा समकालीन कागदांत सांपडत नाहीं हें आम्हांस मान्य आहे. तथापि लोकांनीं गडाची जी एक गोष्ट जिवापाड जपली ती तलवारीची नसून दूध घालावयास वर गेलेल्या आणि तान्ह्या मुलासाठीं कडा उतरलेल्या गवळणीची आहे, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. पायथ्याच्या लोकांनीं गडाचा इतिहास आपल्या बाजूनें सांगितला तो असा.

खालून वर जाणारें हें अन्न कधीं आदरानें जाई आणि कधीं जबरीनें, आणि त्यांतला भेद महाराजांस पुरता ठाऊक होता. राज्याभिषेकाच्या थोड्याच आधीं चिपळूणकडे छावणी करून राहिलेल्या लष्करास त्यांनीं लिहिलेलें पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठीं सांठविलेलें दाणा-वैरण बेफामपणें खर्चूं नका. तें संपलें म्हणजे तुम्ही कुणब्यांच्या घरांत शिराल, कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी, आणि रयतेस वाटेल कीं याहून मोगल परवडले. असा त्याचा आशय आहे. जळती वात उंदीर ओढून नेतील व गवताच्या गंजीस आग लागेल, इतक्या बारीक गोष्टीपर्यंत तें पत्र जातें. आम्हीं हें पत्र वर्गांत पन्नास वेळां तरी शिकविलें असेल. परंतु दाराशीं आलेला माणूस भाकर ‘मागतो’ कीं ‘आणतो’ या एका भेदावर राज्याची अब्रू अवलंबून आहे, हा त्याचा अर्थ आम्हांस त्या वाडीवर, दुसऱ्याच्या ताटावर बसलों असतां उमगला. त्यास कारणहि तसेंच होतें.

संध्याकाळीं गड उतरून घरीं आलों आणि लखोटा काढला. त्यांत मोडी लिपींतले सात कागद होते. ३५ वर्षांपूर्वीं याच घरच्या कर्त्या पुरुषानें, म्हणजे यजमानांच्या वडिलांनीं, ते आम्हांस पंधरा दिवसांच्या बोलीनें वाचावयास दिले होते. पावती मागितली नाहीं, आम्हीं दिली नाहीं. पुण्यास येऊन वाचले. त्यांत भाऊबंदांतील शेताच्या शिवेचा तंटा होता, राजा नव्हता, लढाई नव्हती, सनद नव्हती. कामाचे नाहींत म्हणून बाजूस ठेवले. मग बदली झाली, मग घर बदललें, मग लाज वाटूं लागली, आणि लाजेनें आणखी वीस वर्षें गेलीं. संग्राहकांच्या बैठकींत ‘अमक्यानें अमक्या घरचें दफ्तर नेलें तें परत केलें नाहीं’ अशी चर्चा निघे, तेव्हां आम्हीहि इतरांबरोबर मान हलवीत असूं.

आम्हीं हें सर्व यजमानांस सांगितलें. ते गप्प राहिले. त्यांस या कागदांची गोष्ट ठाऊकच नव्हती. वडील वारले तेव्हां ते मुंबईस गिरणींत होते. ओसरीच्या टोकावरून म्हातारबाई बोलल्या, “मला काल पाय धुतलेत तेव्हांच कळलं. कागदवाले मास्तर.” आम्हीं विचारलें, “मग काल बोललां कां नाहीं, आजी?” त्या म्हणाल्या, “जेवणाऱ्याला काय विचारायचं?” मग थोड्या वेळानें, जणूं आमच्याच बाजूनें सांगावें तसें, म्हणाल्या कीं यांनीं दोन वर्षं वाट बघितली, मग म्हणाले मास्तर गेला असेल बिचारा.

कागद त्यांच्या हातांत दिले. बरोबर बाळबोधींत केलेली नक्कल दिली आणि त्यांच्या परवानगीनें त्याच घरीं, त्यांच्या देखत, छायाचित्रें घेतलीं. त्या म्हणाल्या, वाचून दाखवा. कंदिलाची गरज आतां उरलेली नाहीं. विजेच्या दिव्याखालीं सारें घर जमलें आणि आम्हीं वाचूं लागलों. निवृत्त झाल्यापासून इतका लक्ष देऊन ऐकणारा वर्ग आम्हांस मिळाला नव्हता. पांचव्या कागदांत, कोणी काय द्यावयाचें या यादींत, वेठीच्या लांकडांच्या मोळ्यांचा ओझरता उल्लेख आहे. त्या मोळ्या कोठें जात हें लिहिलेलें नाहीं आणि कागदावर शकहि नाहीं, म्हणून त्यावरून रायगडाविषयीं कांहीं सिद्ध होत नाहीं. परंतु ३५ वर्षांपूर्वीं आम्हीं ती ओळ वाचली होती आणि तिच्यावर टांचणहि केलें नव्हतें. यजमानांनीं आमच्याकडे पाहिलें. सुक्या लांकडांचा त्यांचा कालचा प्रश्न आम्हां दोघांसहि आठवला.

शिवेच्या वर्णनांत पूर्वेस वहाळ, दक्षिणेस उभा धोंडा आणि पश्चिमेस आंबा अशा खुणा दिल्या आहेत. हें वाचतांच म्हातारबाईंनीं थांबविलें. आंबा त्यांनीं सासरीं आल्यावर पाहिला होता. तो वादळांत पडला, त्याचीं फळें आंबट होतीं आणि लोणच्यासच लागत. धोंड्याविषयीं घरांत मतभेद झाला. यजमान म्हणाले तो रस्त्याच्या कामांत गेला, धाकटा नातू म्हणाला आहे. सकाळीं निघण्यापूर्वीं तो आम्हांस भातखाचरांच्या कडेनें घेऊन गेला. घाणेरीच्या झुडपांत कमरेइतका एक धोंडा उभा होता, वरच्या अंगास शेवाळ, खालीं कोणीतरी कधीं काळीं लावलेला शेंदूर. आम्हीं त्याचें माप घेतलें आणि वहींत लिहिलें. त्याखालीं, तो कोणी दाखविला तें लिहिलें. परत आलों तों वाटेसाठीं भाकऱ्या बांधून तयार होत्या आणि त्यांवर लोणच्याची एक फोड होती.